विमा नसलेल्यांसाठी मोफत क्लिनिक : पेशंटचे आणि स्वयंसेवकांचे नेहमीचे प्रश्न

अमेरिकेतल्या एका मोफत क्लिनिकमध्ये मी दर मंगळवारी संध्याकाळी नोंदणीच्या टेबलावर बसते. मराठी आणि हिंदी बोलणारे पेशंट वाढले, तसे तेच ते प्रश्न मराठीतून येऊ लागले, कधी टेबलावर तर कधी पार्किंगमध्ये दबक्या आवाजात. त्यांची ही उत्तरं. नियम क्लिनिकप्रमाणे बदलतात, त्यामुळे निघण्याआधी आपापल्या क्लिनिकला एक फोन जरूर करा.

मोफत म्हणजे नक्की किती मोफत?

डॉक्टरांना दाखवायला पैसे नाहीत. आमच्याकडे होणाऱ्या रक्त-लघवीच्या तपासण्यांना आणि आमच्या कपाटातून मिळणाऱ्या औषधांनाही नाहीत. नंतर घरी बिल येईल अशीही भानगड नाही. दाराशी देणगीची एक पेटी आहे. कोण टाकतं आणि कोण नाही, तिकडे बघायचं नाही, असा स्वयंसेवकांना नियमच आहे. आमचे एक आजोबा दर वेळी त्यात एक डॉलर टाकतात. फुकटचं औषध लागू पडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या चार भिंतींबाहेरचं मात्र सगळं मोफत नसतं. एमआरआय, ऑपरेशन, हृदयरोगतज्ज्ञ हे आमच्याकडे नाही. त्यासाठी आम्ही हॉस्पिटलकडे पाठवतो आणि तिथल्या आर्थिक मदतीचा फॉर्म भरून देतो. ना-नफा हॉस्पिटलांना अशी मदत योजना लेखी ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि पहिलं बिल आल्यापासून 240 दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. बिल बघून घाबरून क्रेडिट कार्डावर भरू नका. आधी ते आमच्याकडे घेऊन या.

इतक्या श्रीमंत देशात असं क्लिनिक लागतंच कशाला?

हा प्रश्न बहुतेक वेळा भारतातून आलेले पाहुणे विचारतात. इथं बहुतेकांचा विमा नोकरीला बांधलेला असतो. 65 नंतर मेडिकेअर हा सरकारी विमा मिळतो आणि गरिबांसाठी मेडिकेड आहे. पण या तिन्हींच्या मधल्या फटीत खूप माणसं अडकतात. 2010च्या आरोग्य कायद्यानं मेडिकेडची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या 138 टक्क्यांपर्यंत वाढवली होती. 2012मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती वाढ राज्यांच्या मर्जीवर सोडली. टेक्सास, फ्लोरिडा अशा काही राज्यांनी ती स्वीकारलेली नाही. तिथं मुलंबाळं नसलेल्या धडधाकट माणसाला, तो कितीही गरीब असला तरी, मेडिकेड मिळत नाही. शिवाय सरकारी बाजारातल्या, म्हणजे 'मार्केटप्लेस'मधून स्वतः विकत घ्यायच्या विम्यावरची सवलत दारिद्र्यरेषेच्या वर सुरू होते, म्हणजे तीही हातची जाते.

आमच्या खुर्च्यांवर कोण बसलेलं असतं? घरोघरी म्हाताऱ्यांची काळजी घेणाऱ्या बायका, हॉटेलात भांडी घासणारे, मोटेलच्या काउंटरवरचे, रात्री टॅक्सी चालवणारे. बहुतेक सगळे काम करणारेच आहेत.

मोफत क्लिनिकची आजची पद्धत रुळली ती 1967 साली सान फ्रान्सिस्कोतल्या हेट-अॅशबरी भागातल्या क्लिनिकपासून. आज देशभरात अशी सुमारे 1,400 क्लिनिकं आहेत.

मी पात्र आहे का?

आमच्याकडे तीन अटी आहेत. वय 18 पूर्ण, विमा नाही, आणि उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत. 2025च्या तक्त्यात एकट्या माणसाची रेषा वर्षाला 15,650 डॉलर होती आणि चौघांच्या घराची 32,150. म्हणजे दुप्पट धरली तर 31,300 आणि 64,300. हा तक्ता दर वर्षी जानेवारीत बदलतो, तेव्हा मागच्या वर्षी थोडक्यात हुकलं असेल तर पुन्हा विचारा. पगाराच्या शेवटच्या दोन-तीन चिठ्ठ्या, कर विवरणपत्र किंवा रोखीनं पगार मिळत असेल तर मालकाचं साधं पत्र चालतं. मालक पत्र देत नसेल तर आमच्याकडे स्वतः लिहून सही करायचा फॉर्म आहे. काहीच उत्पन्न नसेल तर घर कोण चालवतं, एवढंच त्यात लिहायचं.

काही गावांत मोफत क्लिनिक नसतं, पण सरकारी अनुदानावर चालणारं आरोग्य केंद्र असतं. तिथं उत्पन्नाप्रमाणे फी ठरते आणि विमा असलेल्यांनाही घेतात. ते आमच्यापेक्षा मोठं असतं आणि बऱ्याच ठिकाणी दातांचा विभागही असतो. तिकडे गेलात तर आम्हाला राग येत नाही.

व्हिसा, पासपोर्ट, कागदपत्रं विचारता का?

नाही. ओळख पटवायला फोटो असलेलं काहीही चालतं, मग ते भारतीय पासपोर्ट असो वा कामाच्या ठिकाणचं कार्ड. इमिग्रेशनची स्थिती आमच्या फॉर्मवर नाही. जे लिहिलेलंच नाही, ते कोणाला दाखवताही येत नाही. इथं उपचार घेतल्यानं ग्रीन कार्ड अडकेल का, अशी धास्ती बऱ्याच जणांना असते. खासगी धर्मादाय क्लिनिकमध्ये बीपी तपासून घेणं हा सरकारकडून घेतलेला रोख भत्ता नाही. तुमचा अर्ज प्रत्यक्ष चालू असेल तर मात्र माझ्यावर नाही, तुमच्या वकिलावर विश्वास ठेवा.

नोकरी गेली आणि विमाही गेला. लगेच तुमच्याकडे येऊ का?

या, पण त्याआधी दोन तारखा वहीत लिहा. नोकरीचा विमा संपल्यापासून 60 दिवसांत सरकारी बाजारातून नवा विमा घेता येतो. एरवी त्यासाठी नोव्हेंबरपर्यंत थांबावं लागतं. दुसरी तारीख कोब्राची, म्हणजे जुन्या कंपनीचाच विमा स्वतःच्या खिशातून पुढे चालवण्याची. त्याच्या निर्णयालाही किमान 60 दिवस मिळतात, आणि तो विमा मागच्या तारखेपासून लागू होतो. म्हणून काही जण शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबतात आणि मध्ये काही मोठं झालंच तर हप्ते भरून टाकतात. कागदपत्रांच्या बाबतीत शिस्तीचे असाल तरच हे जमेल. एक दिवस उशीर झाला तरी दार बंद होतं.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत आणि औषधं संपत आलीत. तुमच्याकडे दाखवता येईल?

बहुतेक क्लिनिकं इथं राहणाऱ्यांसाठीच असतात आणि पर्यटक व्हिसावर आलेल्यांना घेत नाहीत. आमचंही तसंच आहे. हे सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं, कारण समोर बसलेल्या काकूंच्या पर्समध्ये शेवटच्या चार गोळ्या असतात आणि मुलानं घेतलेल्या पाहुण्यांच्या विम्यात जुने आजार वगळलेले असतात.

त्यापेक्षा सरळ मार्ग हा : निघतानाच पूर्ण मुक्कामाची औषधं मूळ स्ट्रिपमध्ये आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणावीत. इथं संपलीच तर पैसे भरून साध्या डॉक्टरांना एकदा दाखवावं. मेटफॉर्मिन, अॅम्लोडिपिन, अॅटोर्व्हास्टॅटिन अशी जुनी जेनेरिक औषधं मोठ्या दुकानांच्या फार्मसीत विम्याशिवायही स्वस्त मिळतात. महाग पडते ती डॉक्टरांची फी.

आणि ग्रीन कार्डवर कायमचे आलेले आई-वडील?

ते इथंच राहतात, म्हणून आमच्याकडे येऊ शकतात. 65 ओलांडलं की मेडिकेअर आपोआप मिळतं, असा एक गोड गैरसमज आहे. ते मिळतं इथं दहाएक वर्षं कर भरून काम केलेल्यांना किंवा त्यांच्या जोडीदाराला. नव्यानं आलेल्या आजी-आजोबांना ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं राहिल्यावर ते हप्ते भरून विकत घेता येतं, आणि हप्ता हलका नसतो. मेडिकेडलाही बहुतेक राज्यांत तीच पाच वर्षांची अट आहे. ती 1996च्या कायद्यातून आली. मधल्या काळात सरकारी बाजारातला विमा घेता येतो, वय 70 असलं तरी. इथं येऊन ग्रीन कार्ड मिळाल्यापासून 60 दिवसांच्या आत अर्ज करा. हे वाक्य मी विमानतळावरच फलकावर लावलं असतं.

पहिल्या भेटीला काय आणायचं?

औषधं आणा. यादी नको, व्हॉट्सअॅपवरचा फोटो नको, खुद्द औषधं आणा.

मागच्या हिवाळ्यात एक काका स्टीलचा डबा घेऊन आले. आत पाच प्रकारच्या गोळ्या होत्या आणि बऱ्याचशा स्ट्रिपमधून काढलेल्या. ज्या स्ट्रिपमध्ये होत्या त्या कात्रीनं एकेक गोळीपुरत्या कापलेल्या, आणि नाव छापलेला भाग दर वेळी नेमका पलीकडच्या तुकड्यावर राहिलेला. "पांढरी सकाळी, गुलाबी रात्री," ते अगदी ठामपणे म्हणाले. आमच्या फार्मसिस्ट बाईंनी डबा टेबलावर उपडा केला आणि भिंग घेऊन बसल्या. अर्ध्या तासात पाचपैकी तीन ओळखता आल्या. दोन पांढऱ्यांतली एक बीपीची होती आणि दुसरी कसली ते शेवटपर्यंत कळलं नाही. ती बंद करावी लागली.

तपासण्यांचे जुने कागदही आणा. त्यावर एक गोष्ट आम्ही आधीच पेन्सिलीनं लिहून ठेवतो : भारतात आधी दिवस आणि मग महिना, इथं उलट. 7/4 म्हणजे सात एप्रिल की चार जुलै, या घोळात एका बाईंची तीन महिने जुनी साखर ताजी समजून डोस ठरणार होता. वेळेत लक्षात आलं.

भारतातलीच औषधं इथं चालू ठेवता येतील?

बरीचशी येतात, फक्त नाव बदलतं. ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, थायरोनॉर्म म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल इथं अॅसिटामिनोफेन म्हणून ओळखलं जातं. त्यामुळे घरची क्रोसिन आणि दुकानातली टायलेनॉल एकाच दिवशी घेणारे लोक एकच औषध दुप्पट घेत असतात, आणि ते यकृताला महागात पडतं.

पण काही औषधं इथं मिळतच नाहीत. ग्लिक्लाझाइड, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, व्होग्लिबोज ही मधुमेहाची आणि सिल्निडिपिन हे बीपीचं औषध भारतात घरोघरी असतं, पण अमेरिकेत विकायला मंजुरी नाही. डॉक्टर त्याऐवजी दुसरं देतील. मग 'तिकडच्या डॉक्टरांनी दिलेलं इथल्यांनी बदललं' म्हणून रुसू नका, आणि जुनंही गुपचूप चालू ठेवू नका. ग्लायकोमेटच्या नावापुढे जीपी असेल तर आत ग्लिमेपिराइडही असतं. इथं वेगळी ग्लिमेपिराइड सुरू झाली आणि घरची जीपीही चालू राहिली, तर साखर दाणकन खाली येते. घाम, थरथर आणि डोळ्यांपुढे अंधारी. आयुर्वेदिक काढे आणि चूर्णंही सांगा. कोणी हसणार नाही.

छातीत दुखतंय. येऊ का?

नाही. 911 लावा. छातीत दाबल्यासारखं होणं, एका बाजूचं तोंड वाकडं होणं, हात उचलता न येणं, बोबडी वळणं, श्वास न पुरणं यांपैकी काहीही असेल तर क्लिनिक उघडायची वाट बघू नका. विमा नाही म्हणून इमर्जन्सी विभाग तुम्हाला परत पाठवू शकत नाही. 1986पासूनच्या कायद्याप्रमाणे त्यांना तपासावंच लागतं आणि जीव धोक्याबाहेर आणावा लागतो. बिल येईल, आणि त्या बिलाचं काय करायचं ते पहिल्या उत्तरात आहे.

मुलगा इंग्रजी छान बोलतो. तोच सांगेल डॉक्टरांना, चालेल ना?

चालत नाही, आणि यावर आमचा घरोघरी वाद होतो. मुलगा हुशार आहे, प्रश्न त्याच्या इंग्रजीचा नाहीच.

एका काकूंनी सांगितलं, "चालताना छातीत भरून येतं." मुलगा डॉक्टरांना म्हणाला, गॅसेस होतात. त्याच्या मते त्यानं आईचं बोलणं सोपं केलं. दुभाष्या बाईंनी मध्येच थांबवून विचारलं, "काकू, बसल्यावर थांबतं का?" थांबत होतं. त्याच आठवड्यात त्यांना हृदयाच्या तपासणीला पाठवलं. दुसरं म्हणजे, "अंगावरून फार जातं" हे वाक्य कोणती आई पंचविशीतल्या मुलाच्या तोंडून डॉक्टरांपर्यंत पोचवेल? ती गुडघेदुखी सांगून घरी जाते.

मराठीत दुखण्याचे शब्द फार नेमके आहेत. कळ वेगळी, ठणका वेगळा, चमक वेगळी, उसण वेगळी, आणि इंग्रजीत येताना सगळ्यांचं एकच दुखणं होऊन बसतं. 'पायांची आग होते' आणि 'पायांना मुंग्या येतात' ही मधुमेह्याची वाक्यं डॉक्टरांना जशीच्या तशी हवी असतात, कारण त्यातून नसांचं कळतं. 'जीव घाबरा होतो' म्हणजे धडधड, की श्वास, की मनाची घालमेल, हे पुन्हा विचारावं लागतं. आणि 'पित्त झालंय' हे तर कशालाही म्हणता येतं, डोकेदुखीपासून अंगावरच्या गांधींपर्यंत. म्हणून आमच्या दुभाष्यांना शिकवलेलं असतं की पेशंट बोलला तसं, 'मी' म्हणूनच सांगायचं. काही गाळायचं नाही, काही घालायचं नाही, आणि शब्द संदिग्ध असेल तर तसं उघडपणे सांगून परत विचारायचं. मराठी दुभाष्या त्या दिवशी हजर नसेल तर फोनवरून मिळतो.

मुलगा खोलीत बसू शकतो, आईला हवं असेल तर. पण हा प्रश्न आम्ही आईलाच विचारतो, आणि तो बाहेर असताना.

दर वेळी वेगळे डॉक्टर का असतात?

कारण सगळे आपापली नोकरी सांभाळून येतात. कोणी महिन्यातून दोनदा, कोणी एकदा. एकच डॉक्टर हवे असतील तर त्यांचा वार विचारून त्या वाराची वेळ घ्या. थोडं थांबावं लागेल. मला विचाराल तर जुनाट आजारात ते थांबणं परवडतं.

आता बरं वाटतंय. परत कशाला यायचं?

आमच्याकडे गळती होते ती इथंच. पहिल्या भेटीला येणारे भरपूर, तिसऱ्या भेटीला निम्मी नावं गायब. बीपी आणि साखर बराच काळ दुखत नाहीत, ही त्यांची लबाडी. गोळी घेऊन बीपी 128 आलं की लोक गोळी बंद करतात. ते 128 गोळीमुळेच आलेलं असतं.

तीन महिन्यांची ए-वन-सी तपासणी का, तेही सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि साखर त्यांना चिकटून राहते. त्या तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांचा सगळा हिशेब निघतो, त्यामुळे आदल्या दिवशी गोड सोडून आल्यानं काही फरक पडत नाही. आम्ही फोन करतो तो रागवायला नव्हे. वेळ जमत नसेल तर "जमत नाही" म्हणा, दुसरी देऊ. न सांगता गैरहजर राहिलात तर ती जागा वाया जाते, आणि बाहेर थांबलेल्यांची यादी लांब असते.

तुमच्याकडे काय मिळत नाही?

अफूवर्गीय वेदनाशामकं आणि व्यसन लागू शकणारी झोपेची औषधं आम्ही ठेवतच नाही. बाळंतपण, अपघाती जखमा, कामावर झालेल्या इजेचे दावे, अपंगत्वाचे दाखले हे आमचं काम नाही. दातांना लांब यादी आहे. स्तनांच्या एक्स-रेची आणि गर्भाशयमुखाच्या तपासणीची सोय मात्र आहे, कारण त्यासाठी राज्याराज्यांतून चालणारा केंद्राचा कार्यक्रम आहे. कमी उत्पन्नाच्या, विमा नसलेल्या बायकांसाठीच तो काढलेला आहे. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकीला आम्ही विचारतो, आणि प्रत्येक दुसरी म्हणते, "मला काही त्रास नाही हो." त्रास व्हायच्या आधीच करायची असते ती.

महागडी औषधं, म्हणजे नव्या प्रकारची इन्सुलिनं किंवा दम्याचे पंप, यासाठी औषध कंपन्यांच्या स्वतःच्या मदत योजना असतात. फॉर्म, उत्पन्नाचा पुरावा, डॉक्टरांची सही, आणि मग काही आठवड्यांनी खोकं येतं. हे सगळं एक निवृत्त हिशेबनीस सांभाळतात. क्लिनिकमधला सगळ्यात मौल्यवान माणूस कोण विचाराल तर मी त्यांचं नाव घेईन.

ओळखीचं कोणी भेटलं तर? मंडळातली माणसं तिथं काम करतात म्हणे.

करतात. हा प्रश्न खरा आहे आणि त्यापायी लोक येत नाहीत, हेही मला माहीत आहे. गणपतीत आरतीला शेजारी उभ्या असलेल्या बाई मंगळवारी आपलं वजन आणि बीपी लिहून घेणार, ही कल्पनाच नको वाटते.

नियम असा की स्वयंसेवकाला यादीत ओळखीचं नाव दिसलं तर त्यानं तो कागद दुसऱ्याकडे द्यायचा आणि कारण सांगायचं नाही. तुम्हीही "यांच्याऐवजी दुसरं कोणी" म्हणू शकता, कारण न देता. बाहेर भेटल्यावर आम्ही आधी ओळख दाखवत नाही. दुकानात मी तुमच्याकडे बघून हसले नाही, तर ती शिष्टपणाची खूण समजू नका. एका स्वयंसेविकेनं जेवणाच्या पंगतीत "अमक्यांना बघितलं आमच्याकडे" एवढंच म्हटलं होतं, आजाराचा उल्लेखही नव्हता. तिला दुसऱ्या दिवसापासून थांबवलं. ती माझी मैत्रीण होती, आणि थांबवायचं मीच सुचवलं होतं.

मी डॉक्टर-नर्स नाही. मला काय काम मिळेल?

पुष्कळ. नोंदणी, फोन, दुभाषेपण, कपाटातल्या औषधांच्या मुदती तपासणं, हॉस्पिटलला पाठवलेल्या पेशंटची वेळ मिळाली का याचा पाठपुरावा. शेवटचं काम कंटाळवाणं आहे, अर्धा वेळ फोनवर गाणं ऐकत बसावं लागतं. पण ते केलं नाही तर डॉक्टरांची चिठ्ठी फाइलमध्येच राहते.

आधी एक संध्याकाळ नुसतं बसून बघा. मग गुप्ततेचं प्रशिक्षण, पार्श्वभूमीची तपासणी, क्षयाची चाचणी, फ्लूची लस. किमान सहा महिने, ठरलेल्या वाराला यायचं. उत्साहानं आठवड्यात चारदा येऊन पाचव्या आठवड्यात दिसेनासे होणाऱ्यांपेक्षा महिन्यातून एकदाच पण न चुकता येणारे आम्हाला हवेत.

भारतात एमबीबीएस केलंय, सध्या नवऱ्याच्या नोकरीमागे मिळालेल्या एच-4 व्हिसावर आहे. पेशंट तपासू शकते का?

नाही. राज्याचं लायसन्स नसेल तर तपासणं, निदान सांगणं, औषध सुचवणं यातलं काहीच करता येत नाही, हातात दहा वर्षांचा अनुभव असला तरी. हे गिळणं किती जड जातं ते मी पाहिलंय. एक बालरोगतज्ज्ञ आमच्याकडे वजनकाट्यापाशी उभ्या असायच्या आणि ओठ घट्ट मिटून आकडे लिहायच्या.

दुभाष्या, आरोग्यशिक्षण, नोंदणी ही कामं करता येतात. एरवीही बिनपगारीच असणारं धर्मादाय काम व्हिसाच्या आड सहसा येत नाही. पण पगारी माणसाच्या जागी फुकट राबणं येऊ शकतं, तेव्हा शंका असेल तर वकिलाला विचारा. रेसिडेन्सीसाठी, म्हणजे इथल्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरी प्रशिक्षणासाठी परीक्षा देत असाल तर इथल्या पद्धती जवळून कळतात आणि हा फायदा खरा आहे. शिफारसपत्राचं आश्वासन आम्ही देत नाही. ज्यांना ते मिळालं, त्यांनी पहिल्या दिवशी ते मागितलं नव्हतं.

माझ्याकडे लायसन्स आहे. फुकट काम करताना खटला झाला तर?

केंद्र सरकारची एक सोय आहे. मोफत क्लिनिकनं आपल्या स्वयंसेवक डॉक्टर-नर्सची नावं सरकारकडे नोंदवून मंजूर करून घेतली, तर त्यांच्यावरचा निष्काळजीपणाचा दावा सरकार स्वतःवर घेतं. अट अशी की पेशंटकडून किंवा विमा कंपनीकडून सेवेचे पैसे घ्यायचे नाहीत. पेशंटनं खुशीनं टाकलेली देणगी चालते, म्हणून आमची पेटी दाराशी आहे, काउंटरवर नाही. पेशंटला याची लेखी कल्पना आधी द्यावी लागते. तो कागद सही करताना कोणी वाचत नाही, म्हणून मी मराठीत वाचून दाखवते. निवृत्त डॉक्टरांसाठी काही राज्यांत कमी फीचं स्वयंसेवी लायसन्सही मिळतं.

मुलाला मेडिकलला जायचंय. सेवेचे तास मिळतील का?

फोन मुलानं करावा. आईनं किंवा बाबांनी केलेल्या फोनला आम्ही हेच उत्तर देतो, आणि त्यावरच निम्मी चौकशी संपते. 16 पूर्ण असेल तर कपाट, फाइली, स्वागत अशी कामं आहेत. तपासणीच्या खोलीत प्रवेश नाही. तासांचं पत्र मिळतं, आणि जेवढे तास भरले तेवढेच त्यात लिहितो.

उरलेली औषधं देऊ का?

उघडलेली नाही, भारतातून आणलेली नाही, मुदत संपलेली तर नाहीच. वडील गेल्यावर त्यांच्या औषधांची पिशवी घेऊन येणाऱ्यांना हे सांगणं अवघड असतं. ती पिशवी आम्ही परत करतो आणि फार्मसीत औषधं टाकायची पेटी कुठं आहे ते सांगतो. साखर मोजायच्या पट्ट्यांचे सीलबंद, मुदतीतले डबे मात्र आनंदानं घेतो. बीपीची चालू यंत्रं आणि बाथरूममध्ये ठेवायचे वजनकाटेही हवेत.

बर्फ पडला तर क्लिनिक बंद असतं का?

गावातल्या शाळा बंद असतील तर आम्हीही बंद. दुपारी तीनपर्यंत फोनवर निरोप टाकतो, आता मराठीतही. औषध संपत आलं असेल तर निरोपानंतर आपलं नाव, जन्मतारीख आणि औषधाचं नाव सावकाश सांगून ठेवा. जन्मतारखेत महिना शब्दात सांगा.